डिंगमारांचा किल्ला

तंजावरास जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराचें दर्शन घेतो, देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनीं कोरविलेला भोसले वंशाचा मराठी लेख बोटानें दाखवितो, सरस्वती महालांतील पोथ्या कांचेआडून पाहतो, आणि गेलेल्या वैभवाबद्दल थोडेंसें हळहळून परत फिरतो. तेथून पूर्वेस, समुद्राच्या रोखें, शंभरएक किलोमीटर गेलें म्हणजे एक लहानसें गांव लागतें. त्याची वाट धरणारे आमच्या लोकांत फार थोडे. गांवाचें नांव तरंगंबाडी. तेथें समुद्राच्या अगदी कांठीं एक किल्ला आहे, किल्ल्यांत एक वस्तुसंग्रहालय आहे, आणि संग्रहालयाच्या जाड भिंतींआड मराठी भाषेच्या इतिहासाचा एक धागा गुंतून पडलेला आहे. तो धागा उकलून पाहावा या हेतूनें आम्ही पौष महिन्यांत तेथें दोन दिवस राहिलों.

तरंगंबाडी म्हणजे गाणाऱ्या लाटांचें गांव, असा अर्थ तेथील लोक मोठ्या हौसेनें सांगतात. लाटांचा आवाज अहोरात्र कानीं येत असल्यामुळें तो अर्थ कोणासहि पटावा. परंतु समुद्रकांठच्या मासिलामणिनाथाच्या देवळांत, पांड्य राजा मारवर्मन् कुलशेखर याच्या 1306 सालच्या शिलालेखांत, गांवाचें नांव निराळें, ‘शडंगन्पाडि’ असें आहे. लाटांचें गाणें मागाहून कोणा रसिकानें जोडलेलें दिसतें. युरोपियनांच्या जिभेवर त्याचें ‘त्रांकेबार’ झालें. आणि त्या युरोपियनांस, म्हणजे डेन्मार्कच्या लोकांस, आमच्या जुन्या कागदांत ‘डिंगमार’ म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांची जी नामावळी आली आहे तींत इंग्रज, वलंदेज, फरासीस यांच्या पंक्तीला डिंगमारहि बसलेला आहे. शाळेंत आज्ञापत्र वाचतांना आमचे मास्तर इंग्रजांवर अर्धा तास बोलत. डिंगमारांची पाळी आली कीं “असेच आणखी एक टोपीकर” एवढें म्हणून पान उलटीत. त्या ‘असेच आणखी एक’ मंडळींचें हें घर.

गांवांत शिरतांना प्रथम एक पांढरी वेस लागते. तिच्यावर 1792 हा आंकडा आहे. वेशीच्या आंत जो सरळ रस्ता समुद्राकडे जातो त्याचें डॅनिश नांव राजरस्ता असें होतें. दोन्ही बाजूंस खांबांच्या ओसऱ्यांचीं जुनीं घरें, दोन जुनीं प्रार्थनामंदिरें, दुपारच्या वेळीं रस्त्यावर एखादी सायकल आणि सावलीस बसलेल्या शेळ्या. वेशीबाहेर तमिळ देशांतील नेहमींचा बाजार, गर्दी, कर्णे. वेशीच्या आंत हें असें. गांव निजलेलें आहे असें म्हणण्याचा मोह होतो, पण तो खरा नव्हे. पहांटे कोळीवाड्यांत गेल्यास गांव किती जागें आहे तें कळतें. निजली आहे ती फक्त जुनी वसाहत.

राजरस्त्याच्या शेवटीं, मोकळ्या वाळवंटाच्या पलीकडे, किल्ला उभा आहे. त्याचें नांव डान्सबोर्ग. आमच्या मनांत किल्ला म्हटला कीं सिंधुदुर्ग किंवा जंजिरा येतो. त्या मानानें हा किल्ला म्हणजे एक भक्कम वखार. समुद्राकडे तोंड करून एक लांबट दुमजली इमारत, तिच्यापुढें चौक, भोंवती तट. खालच्या मजल्यावर कोठारें, मुदपाकखाना व कोठड्या. वरच्या मजल्यावर अधिकाऱ्यांचे राहण्याचे दालन व प्रार्थनेची जागा. विटांच्या कमानी इतक्या बुटक्या व जाड आहेत कीं आंत शिरतांच बाहेरचा उकाडा व समुद्राचा आवाज दोन्ही एकदम कमी होतात. इंग्रजी अमलांत व त्यानंतरहि पुष्कळ वर्षें किल्ल्याचा उपयोग सरकारी पाहुण्यांच्या बंगल्यासारखा होत असे. 1978 च्या सुमारास तो तमिळनाडूच्या पुराणवस्तु खात्याकडे आला, आणि मग वरच्या दालनांत संग्रहालय मांडलें गेलें.

संग्रह लहान आहे. घाई असलेला माणूस अर्ध्या घटकेंत पाहून बाहेर पडेल. चिनी मातीचीं भांडीं, चहाच्या उंच चिनी बरण्या, कांचेच्या वस्तु, डॅनिश हस्तलिखितें, तलवारी, कट्यारी, भाले, तोफेचे लहान गोळे, भाजलेल्या मातीच्या आकृति, दगडी मूर्ति, लांकडी वस्तु, आणि या सर्वांच्या सोबत एका देवमाशाच्या सांगाड्याचा तुकडा! देवमाशाचा डेन्मार्कशीं संबंध काय असा प्रश्न एका शाळकरी मुलानें आमच्यासमोर आपल्या वडिलांस केला. वडिलांनीं “समुद्र तोच ना” असें उत्तर दिलें, व आम्हांस तें पुरेसें वाटलें. लहान संग्रहालयांचें हें एक सुख असतें कीं तेथें जें गांवाला सांपडलें तें ठेवलेलें असतें. मोठ्या संग्रहालयांत जें ठेवावयाचें ठरलें तेंच ठेवतात.

या वस्तूंपाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण त्या स्वतः होऊन कांहीं बोलत नाहींत. त्यांची वाचा दूर गेलेली आहे. तंजावरच्या रघुनाथ नायकानें डेन्मार्कच्या चौथ्या क्रिश्चन राजास जें पत्र पाठविलें तें सोन्याच्या पत्र्यावर तमिळ अक्षरांत लिहिलेलें होतें, व तें कोपनहेगनच्या दफ्तरखान्यांत आहे. येथील मिशनऱ्यांचीं पत्रें व त्यांनीं जमविलेल्या ताडपत्रांचा मोठा भाग जर्मनींतील हाले शहरीं आहे. एका नॉर्वेजियन गव्हर्नरानें, पीटर आंकरनें, दक्षिणेंतील देवळांचीं जीं रंगीत चित्रें काढलीं तीं ऑस्लोस आहेत. गांवाच्या वांट्यास बरण्या आणि गोळे राहिले. गोष्ट सांगावयाची तर ती बरण्या-गोळ्यांपासूनच सुरू करावी लागते.

डेन्मार्कची पूर्वदेशीय व्यापाराची कंपनी 1616 सालीं निघाली. इंग्रज व डच यांच्या कंपन्या पाहून धाकट्या राजासहि हांव सुटली, एवढाच त्याचा अर्थ. आधीं पाठविलेलें एक गलबत कारैकालच्या समुद्रांत पोर्तुगीजांनीं बुडविलें. त्यावरील रोलांट क्रॅपे नांवाचा अधिकारी मूठभर सोबत्यांसह कसाबसा किनाऱ्यास लागला व रघुनाथ नायकाच्या दरबारीं पोहोंचला. पाठीमागून ओव्हे गेड्डे हा पंचवीस वर्षांचा तरुण सेनानी आणखी जहाजें घेऊन आला; तो आधीं सिंहलद्वीपांत पाय रोवूं गेला होता, तेथें जमलें नाहीं. 1620 च्या नोव्हेंबरांत नायकाशीं करार झाला. डिंगमारांनीं किनाऱ्यावरील हें खेडें घ्यावें, किल्ला बांधावा, व्यापार करावा, आणि दरसाल ठराविक खंड तंजावरास पोंचता करावा. राज्य जिंकलें नाहीं, जागा भाड्यानें घेतली. दोनशें पंचवीस वर्षांच्या या वसाहतीचें सारें मर्म त्या एका खंडांत आहे असें आम्हांस वाटतें.

किल्ला बांधून झाल्यावर थोड्याच दिवसांनीं योन ओलाफसन नांवाचा एक आइसलंडचा शेतकऱ्याचा मुलगा येथें शिपाई म्हणून आला होता. दारूच्या अपघातांत तो जबर जखमी झाला व घरीं परतला. म्हातारपणीं त्यानें आपली हकीकत लिहून ठेविली; तींत येथील देवळें, उत्सव, माणसें यांचें वर्णन आहे. बर्फाच्या बेटावरील एका गरीब माणसास कावेरीच्या तोंडाशीं जें दिसलें तें त्यानें लिहिलें, आणि येथें शेंकडों वर्षें राहिलेल्या कित्येक विद्वानांनीं लिहिलें नाहीं!

परंतु या किल्ल्यांतील सर्वांत नवलाची कथा विद्वानाची नाहीं, शिपायाची नाहीं, एका विसरलेल्या माणसाची आहे. 1639 सालीं डेन्मार्कहून एक जहाज निघालें. त्यानंतर जवळ जवळ तीस वर्षें एकहि निघालें नाहीं. मायदेशीं युद्धें चाललीं होतीं, तिजोरी रिकामी होती, आणि 1650 सालीं कंपनीच मोडीत निघाली. इकडे किल्ल्यावर डॅनिश निशाण तसेंच फडकत होतें. अधिकारी एकामागून एक मेले. 1655 सालीं कारभार एस्किल्ड कॉन्ग्सबाक या साध्या माणसाच्या हातीं आला. हाताशीं स्वदेशीय माणसें जवळ जवळ नव्हतींच. एतद्देशीय व पोर्तुगीज वंशाचे शिपाई यांच्या भरंवशावर त्यानें किल्ला धरून ठेविला. नायकाच्या फौजा खंडासाठीं येत, त्यांस तोंड देई. पोटापाण्यासाठीं बंगालकडील गलबतें लुटी. कारण डेन्मार्कचें मोंगलांच्या बंगालशीं वैर होतें, व तें वैर चालविण्याचें काम त्याच्यावर येऊन पडलें होतें. गांवाभोंवती त्यानें तट घातला. असें चौदा वर्षें चाललें. शेवटीं 1669 च्या मे महिन्यांत कोपनहेगनहून एक जहाज आलें, तेव्हां आलेल्या लोकांस निशाण जागच्या जागीं दिसलें. राजानें त्याची नेमणूक कायम केली.

या माणसास थोर म्हणावें काय? चांचेगिरीवर जगणारास थोर म्हणणें आम्हांस जड जातें, आणि लुटलेल्या गलबतांवरील नाखव्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलेलीं नाहींत. तरी पण ज्या धन्यानें आपणांस टाकून दिलें त्याचें निशाण पंधरा-पंधरा वर्षें उतरूं न देणें हेंहि साधें नव्हे. संग्रहालयांतील लोखंडी गोळ्यांकडे पाहतांना आम्हांस गेड्डेपेक्षां हाच माणूस अधिक आठवत होता.

कॉन्ग्सबाकच्या मागून थोड्याच वर्षांत तंजावरचें राज्य बदललें. 1675 च्या सुमारास व्यंकोजी राजांनीं नायकांचें सिंहासन घेतलें, आणि डिंगमारांचे जमीनमालक मराठे झाले. खंडाचा मामला आतां भोसल्यांच्या दरबाराशीं आला. हा संबंध गोडीचा होता असें नाहीं. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनीं 1699 सालीं तरंगंबाडीस वेढा घातला. तो महिनोन्महिने चालला, व अखेर मद्रासेहून इंग्रजांची कुमक आल्यावर उठला. हेच शहाजी राजे तेलुगु व मराठी नाटकांचे कर्ते, कवींचे आश्रयदाते म्हणून आपण ओळखतों. त्यांच्या तोफाहि या तटावर वाजल्या होत्या, हें आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत सहसा येत नाहीं. वेढ्याच्या निकालांत पुढील सर्व शतकाचा निकाल दिसतो. मालक मराठे, कूळ डिंगमार, आणि दोघांचें भांडण तोडावयास तिसरा इंग्रज. शंभर वर्षांनीं, 1799 सालीं, तंजावरचें राज्य इंग्रजांनीं घेतलें. त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनीं कूळहि गेलें.

चहाच्या बरण्यांबद्दल एक शब्द. डॅनिश जहाजें मिरीं व सुती कापड नेत, चीनचा चहा नेत, आणि अठराव्या शतकांत इंग्रज-फ्रेंचांच्या लढायांच्या वेळीं तटस्थ निशाणाखालीं दुसऱ्यांचा पैसाहि गुपचूप युरोपास पोंचवीत. सतराव्या शतकांत याच बंदरांतून माणसेंहि विकलीं गेलीं. दुष्काळाच्या सालीं उपाशी माणसें स्वतःस व पोरांस विकीत, आणि जहाजें त्यांस परदेशीं नेत. त्यांची खूण असलेली वस्तु कोणत्याहि कपाटांत ठेवतां येण्यासारखी नसते. पांढऱ्याशुभ्र घरांची शोभा पाहून हरखलेल्या प्रवाशांनीं ही गोष्टहि जाणून असावें.

किल्ल्यांतून निघून राजरस्त्यानें मागें आलें म्हणजे नव्या यरुशलेमाचें प्रार्थनामंदिर लागतें. तें 1718 सालीं बांधून झालें. तें बांधणारा बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग पुढल्याच वर्षीं मरण पावला व आंतच पुरला गेला. त्या वेळीं त्याचें वय अवघें छत्तीस होतें. त्याच्या राहत्या घराच्या जागीं 2017 पासून आणखी एक लहान संग्रहालय झालें आहे. गांवांत वेळ थोडा असेल तर किल्ला भराभर पाहावा, पण या घराला वेळ द्यावा, असें आम्ही सुचवितों.

त्सीगेनबाल्ग हा सॅक्सनीचा. डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिक राजानें त्यास व प्लुचाउ या सोबत्यास धर्मप्रसारार्थ पाठविलें; 9 जुलै 1706 रोजीं ते येथें उतरले. राजानें पाठविले खरे, पण किल्ल्यावरील अधिकाऱ्यांस हे पाहुणे नको होते. व्यापाऱ्यास धर्मोपदेशक नेहमींच अडचणीचा. भांडणें वाढून 1708 सालीं किल्लेदारानें त्यास पकडलें व याच किल्ल्यांत चार महिने अडकवून ठेविलें. ज्या राजाचा किल्ला त्याच राजाचा माणूस आंत कैदी!

या माणसानें तमिळ भाषा कशी शिकली तें ऐकण्यासारखें आहे. गांवच्या पंतोजीस त्यानें आपल्या घरीं शाळा भरवावयास सांगितलें, आणि स्वतः लहान मुलांच्या रांगेंत बसून वाळूंत बोटानें अक्षरें गिरविलीं. आमच्याकडे धुळाक्षरांचा जो क्रम होता तोच. दोन वर्षांत त्यानें तमिळ पोथ्यांचा मोठा संग्रह करून त्यांची टिपणांसह यादी तयार केली. येथील लोकांस प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें पत्ररूपानें मिळविलीं व तीं भाषांतर करून हालेस धाडलीं. 1713 सालीं दक्षिणेंतील देवदेवतांवर एक ग्रंथ लिहून तोहि पाठविला. तिकडून उत्तर आलें तें असें कीं, तुम्हांस मूर्तिपूजेचें निर्मूलन करावयास पाठविलें आहे, तिची माहिती युरोपांत पसरावयास नव्हे. ग्रंथ तसाच पडून राहिला. तो 1867 सालीं, म्हणजे दीडशें वर्षांनीं, मद्रासेस छापला गेला. त्सीगेनबाल्गाचा हेतु धर्मांतराचा होता, त्यांत संशय नाहीं, व तो त्यानें कधीं लपविला नाहीं. पण परक्याचें मन जाणावयास जो इतका खोल जातो, तो गेला होता तसाच परत येत नाहीं, हें हालेच्या वडीलधाऱ्यांनीं त्याच्याआधीं ओळखलें.

आणि छापखाना. लंडनच्या एका धार्मिक मंडळीनें मुद्रणयंत्र पाठविलें. वाटेंत जहाज फ्रेंचांनीं पकडलें, सोबतचा मुद्रक वाटेंतच वारला, आणि यंत्र 1712 सालीं एकटेंच येऊन पोंचलें. तें चालवूं जाणणारा एक शिपाई किल्ल्यावरच निघाला. तमिळ खिळे हालेहून ओतून आले, पण ते इतके मोठे कीं त्यांनीं ग्रंथ छापावयाचा तर कागद पुरता ना. तेव्हां पाठविलेल्या चीजच्या डब्यांचें शिसें वितळवून त्याचे बारीक खिळे येथेंच ओतले! 1715 सालीं नव्या कराराचें तमिळ भाषांतर छापून पुरें झालें. कागदासाठीं शेजारच्या पोरैयार गांवीं गिरणी काढली. हिंदुस्थानांत मुद्रण यापूर्वींहि झालें होतें. गोव्यास जेज्वितांनीं सोळाव्या शतकांतच छापखाना आणला, व फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण 1616 सालीं रोमन अक्षरांत छापलें गेलें. पण गोव्यांतील ती परंपरा सतराव्या शतकांतच खुंटली. तरंगंबाडीची चालू राहिली, आणि ती चालू राहिली म्हणूनच तिची वाट तंजावरास पोंचली.

ती वाट एका माणसाच्या पायांनीं गेली. क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्स 1750 सालीं तरंगंबाडीस आला. येथें तमिळ शिकला, पुढें त्रिचनापल्लीस व मग तंजावरास गेला; दरबाराशीं बोलतां यावें म्हणून मराठीहि शिकला. हैदराशीं बोलणें करावयास इंग्रजांनीं त्यास 1779 सालीं श्रीरंगपट्टणास पाठविलें, एवढी त्याच्या सचोटीची ख्याति होती. तुळजाजी राजांनीं मरणसमयीं, 1787 सालीं, दत्तक घेतलेला दहा वर्षांचा सरफोजी त्याच्या हवालीं केला. अमरसिंहाच्या अमलांत मुलाच्या जिवास धोका दिसूं लागला तेव्हां त्यास मद्रासेस हलविण्यांत श्वार्त्सचा हात होता. तेथें गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्यानें शिक्षण पुढें चालविलें. सरफोजीस गादी मिळाली ती 1798 सालीं. श्वार्त्स त्याच वर्षीं, चार महिने आधीं, वारला. शिष्यानें लंडनच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून गुरूचें संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या प्रार्थनामंदिरांत बसविलें. गुरु अंथरुणावर पडला आहे आणि तरुण राजा त्याचा हात हातीं घेऊन उभा आहे, असा तो देखावा. राजा मात्र शेवटपर्यंत आपल्या धर्मांत राहिला. त्यानें अन्नछत्रें चालविलीं, काशीयात्रा केली. गुरूनें दिलेलें सारें घेतलें, एक सोडून. अशी निवड करतां येणें ही आमच्या मतें सरफोजींच्या बुद्धीची सर्वांत मोठी खूण होय.

तरंगंबाडीचे मिशनरी त्या काळीं शिंपले, वनस्पति, मासे यांचे संग्रह करीत, नवीन धर्तीच्या शाळा चालवीत, आणि तंजावरच्या दरबाराशीं त्यांचा संबंध असे. सरफोजींनीं तंजावरास नवविद्येच्या शाळा काढल्या, ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकांत कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल वदविला, आणि 1805 च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. तेथें इसापच्या गोष्टींचें मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावलि’ या नांवानें छापलें गेलें. पेशवाई अजून पुण्यांत नांदत होती. पुण्यास मात्र तेव्हां मराठी पुस्तक छापलें जात नव्हतें. कावेरीच्या कांठीं मराठी मुलें छापील पुस्तकांतून कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट वाचूं शकत होतीं.

आतां दुसरीकडे पाहूं. कलकत्त्याजवळ हुगळीच्या कांठीं श्रीरामपूर आहे. तेंहि डिंगमारांचेंच, 1755 सालीं त्यांनीं तेथें वखार घातली व आपल्या राजाच्या नांवानें तिचें नांव फ्रेडरिकनगर ठेविलें. इंग्रज कंपनी आपल्या मुलुखांत मिशनऱ्यांस थारा देईना, म्हणून विल्यम कॅरी 1800 च्या जानेवारींत डॅनिश निशाणाच्या आश्रयास आला. तेथील छापखान्यांतून 1805 सालीं त्याचें मराठी व्याकरण व मत्तयकृत शुभवर्तमानाचें मराठी भाषांतर बाहेर पडलें. 1810 सालीं मराठी-इंग्रजी कोश. नंतर मोडी अक्षरांत सिंहासनबत्तिशी, हितोपदेश. नागपूरकडील वैजनाथ पंडित त्याच्या हाताशीं होते. हा इतिहास मराठी वाचकांस पुष्कळसा माहीत आहे. तंजावरचाहि थोडा माहीत आहे. पण दोन्ही एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. एकाच सुमारास, हिंदुस्थानच्या दोन टोंकांस, महाराष्ट्रापासून शेंकडों कोस दूर, मराठी ग्रंथ नागरी खिळ्यांनीं छापले जाऊं लागले, आणि दोन्ही ठिकाणांच्या पाठीशीं हाच ‘असाच आणखी एक टोपीकर’ उभा होता. श्रीरामपुरास त्याचें निशाण प्रत्यक्ष होतें. तंजावरास त्याच्या वखारींत वाढलेल्या परंपरेची शिकवण होती. डेन्मार्कच्या राजास मराठी भाषेचें कांहीं देणेंघेणें होतें असें नव्हे. दुर्बळ सत्तेच्या लहान बंदरांत प्रबळ सत्तेनें नाकारलेल्या माणसांस जागा मिळाली, एवढेंच झालें. आणि त्या एवढ्यानेंच हें झालें.

1845 सालीं डेन्मार्कच्या आठव्या क्रिश्चन राजानें हिंदुस्थानांतील या वसाहती इंग्रज कंपनीस विकल्या. किंमत साडेबारा लक्ष रुपये. तरंगंबाडी व श्रीरामपूर हीं दोन्हीं त्याच एका सौद्यांत गेलीं. फेब्रुवारींत करार झाला, नोव्हेंबरांत डान्सबोर्गवरील निशाण उतरलें. मुंबईस तेव्हां बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघून बंद पडल्यासहि पांच वर्षें झालीं होतीं. मराठी मुद्रणाचें बिऱ्हाड आपल्या मुलुखांत आलें होतें, आणि त्याचीं दोन जुनीं आजोळें एका दस्तांत विकलीं गेलीं.

विक्रीनंतर कांहीं वर्षें जिल्ह्याचें ठाणें तरंगंबाडीस होतें. मग तेंहि हललें. 1861 च्या सुमारास नागपट्टिनम् येथून आगगाडी सुरू झाली व उरलासुरला व्यापार तिकडे ओढला गेला. तरंगंबाडीस रेल्वे आली ती 1926 सालीं, आणि 1986 सालीं तीहि बंद झाली. व्यापार गेला म्हणून जुनीं घरें पाडून नवीं बांधण्याची कोणास गरज पडली नाहीं. आज जी शोभा दिसते ती त्या दारिद्र्याची कृपा आहे.

किनारा मात्र स्वस्थ बसलेला नाहीं. मासिलामणिनाथाच्या देवळाचा पुढचा भाग समुद्रानें केव्हांच नेला. उरलेल्या भागास दगडांचा बांध घातला आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामींत नागपट्टिनम् जिल्ह्यांत सहा हजारांवर माणसें मेलीं. हें गांव तेव्हां त्याच जिल्ह्यांत होतें, 2020 पासून तें मयिलाडुतुरै जिल्ह्यांत आहे. किल्ला त्या लाटेंत टिकला. त्याच्या शेजारचा कोळीवाडा उद्ध्वस्त झाला, व तेथील लोकांस मागें सरकून नवीं घरें बांधावीं लागलीं. किल्ला पाहून देवळाकडे जातांना वाट कोळ्यांच्या होड्यांजवळून जाते. तंजावरास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं एक दिवस अधिक काढावा, सकाळीं तंजावरास श्वार्त्सचें स्मारक पाहावें आणि दुपारपर्यंत तरंगंबाडीस पोहोंचावें. उलट क्रमानें पाहिल्यास गोष्ट शेवटाकडून वाचल्यासारखी होते.